फायरमन आणि रुग्णवाहिका पथकांचे डॉक्टर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आगीच्या वर्दीवर, म्हणजे आगीची खबर आल्यावर, धावणारे फायरमन आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांवरचे डॉक्टर व पायलट, म्हणजे चालक, यांच्या तब्येतीकडे लक्ष देणं हे माझं काम आहे. प्रश्न तिघांकडून येतात : या क्षेत्रात येऊ पाहणारे तरुण डॉक्टर, स्वतः जवान आणि त्यांच्या घरची माणसं. इथे तिघांचेही प्रश्न एकत्र घेतले आहेत. ज्याला जे लागू त्याने ते वाचावं, पण जमलं तर दुसऱ्यांचेही वाचावेत.

या कामात डॉक्टर नेमकं काय करतो? आगीच्या ठिकाणी जातो का?

मोठ्या आगीच्या वेळी जातो. एरवी बहुतेक काम स्टेशनवर आणि तपासणीच्या खोलीत चालतं. भरतीच्या वेळची तपासणी, दरवर्षीची तपासणी, धुरात खूप वेळ काढल्यानंतरची तपासणी, आजारपण किंवा ऑपरेशन झाल्यावर पुन्हा ड्युटीवर घेण्याआधीची तपासणी. लसीकरणाच्या नोंदी. कोणाला सुई टोचली तर पुढच्या तासाभरात काय करायचं ते ठरवणं. आणि बसून बोलणं. शेवटची गोष्ट कोणत्याही कामाच्या यादीत लिहिलेली नसते, पण निम्मं निदान तिथेच होतं.

जवान आजारी पडला तर तो कोणत्याही चांगल्या रुग्णालयात जाईलच. त्याच्यासाठी वेगळा डॉक्टर कशाला?

या पानावर एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

एक जवान भरती झाला तेव्हा फुंकणीच्या चाचणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत, पहिल्या सेकंदात ४.२ लिटर हवा बाहेर टाकत होता असं समजू. त्याच्या वयाला आणि उंचीला अपेक्षित आकडा ३.९ लिटर. काही वर्षांनी, एका मोठ्या गोदामाच्या आगीनंतर तो खोकला घेऊन बाहेरच्या रुग्णालयात जातो. तिथे आकडा येतो ३.५. अपेक्षेच्या ९० टक्के. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापून येतं, खोकल्याचं औषध मिळतं आणि तो घरी जातो. रिपोर्ट खोटा नाही. पण या माणसाने जवळजवळ पाऊण लिटर फुप्फुस गमावलंय हे त्या रुग्णालयाला कळायला मार्गच नाही, कारण त्याचा जुना आकडा त्यांच्याकडे नाही. तो माझ्या फायलीत आहे.

हे कल्पनेतलं राहू नये म्हणून न्यूयॉर्कचं उदाहरण देते. तिथल्या अग्निशमन दलाकडे ११ सप्टेंबर २००१च्या आधीपासून जवानांच्या स्पायरोमेट्रीच्या नोंदी होत्या. मनोरे कोसळल्यावर धुळीत काम केलेल्यांच्या नव्या नोंदी त्या जुन्या नोंदींशी ताडून पाहता आल्या. कधीही सिगारेट न ओढलेल्या फायरमनांची क्षमता पहिल्या वर्षात सरासरी ४३९ मिलिलिटरने घटली होती. त्याच दलातल्या रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांची घट २६७ मिलिलिटर होती. पुढच्या सहा-सात वर्षांत सरासरी काही भरून निघालं नाही. दलाचे डॉक्टर डेव्हिड प्रेझंट आणि त्यांचे सहकारी हे छातीठोकपणे मांडू शकले ते केवळ निरोगी असतानाच्या नोंदी कपाटात होत्या म्हणून. त्या दिवशी दलाची ३४३ माणसं गेली. सप्टेंबर २०२३पर्यंत त्या धुळीशी जोडलेल्या आजारांनी गेलेल्यांची संख्याही ३४३ झाली.

म्हणून माझा आग्रह एवढाच, की फायरमनला तो ठणठणीत असताना तपासा. आजारी पडल्यावर तपासणारे पुष्कळ आहेत.

आमच्याकडे १४ एप्रिलला आरोग्य शिबिर होतं. ते पुरेसं नाही का?

१४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा दिन आणि पुढे सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात शिबिर घेणं योग्यच आहे. अडचण अशी की बहुतेक शिबिरांत रक्तदाब, साखर, वजन मोजतात, कागद जवानाच्या हातात देतात आणि तो कागद बंबाच्या ड्रॉवरमध्ये जातो. पुढच्या वर्षी दुसरी संस्था येते आणि पुन्हा कोऱ्या कागदावर सुरुवात होते. मागचा आकडा समोर नसेल तर यंदाच्या आकड्याचा उपयोग फार थोडा. शिबिर घ्याच, पण प्रत्येकाची एक फाइल ठेवा, नोकरीभर एकच, आणि बदली झाली की ती फाइल त्याच्याबरोबर नव्या स्टेशनला जाऊ द्या.

फायरमनला सगळ्यात मोठा धोका भाजण्याचा आणि इमारत कोसळण्याचा ना?

ते धोके खरेच आहेत. मे २०१५मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीने मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी नेले : सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई. ते दुःख दलात अजून ताजं आहे.

पण ज्याची बातमी होत नाही तो धोका हृदयाचा. अमेरिकेत ड्युटीवर मरण पावणाऱ्या फायरमनांपैकी सुमारे ४५ टक्के हृदयविकाराने जातात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात एक विलक्षण गोष्ट दिसली. प्रत्यक्ष आग विझवण्यात फायरमनचा वर्षातला १ ते ५ टक्के वेळच जातो, पण हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंपैकी ३२ टक्के त्या तेवढ्या वेळात झाले.

कारण समजण्यासारखं आहे. माणूस स्टेशनवर निवांत बसलेला असतो, घंटा होते आणि काही क्षणांत नाडी धावू लागते. अंगावर २० किलोंहून जास्त ओझं, सूट आणि बी.ए. सेट, म्हणजे पाठीवरचा हवेचा सिलिंडर व मास्क, धरून. आत प्रचंड उष्णता, घामाने रक्त दाट होतं, धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करतो. धमनीत आधीपासून चरबीचा थर असेल तर तो फुटायला याहून अनुकूल वेळ नाही. आपल्याकडे तर हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. म्हणून चाळिशीची वाट पाहू नका. पस्तिशीपासून कोलेस्टेरॉल आणि साखर दरवर्षी, आणि ट्रेडमिलवर दम किती आहे ते ठरावीक काळाने. ही क्षमता ‘मेट’मध्ये मोजतात. निवांत बसलेलं शरीर जेवढी ऊर्जा वापरतं तो एक मेट. आग विझवायला साधारण १२ मेट इतकी क्षमता लागते असं धरतात. ज्याला ८-९ मेटलाच थांबावं लागतं त्याला आत पाठवणं धोक्याचं आहे. त्याच्यासाठी आणि त्याच्या जोडीदारासाठीही.

कॅन्सरचं खरं काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२मध्ये फायरमनचा व्यवसाय पहिल्या गटात टाकला. म्हणजे या कामामुळे माणसाला कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा आहे. सर्वांत भक्कम पुरावा मूत्राशयाच्या कॅन्सरचा आणि फुप्फुसाच्या आवरणाच्या, म्हणजे मेसोथेलिओमाचा. दुसऱ्याचा संबंध ॲस्बेस्टॉसशी. आपल्या गोदामांवर, जुन्या शेडवर, झोपड्यांवर सिमेंटचे पत्रे आहेत त्यांत तेच असतं. आगीत ते तडतडून फुटतात आणि कूलिंगच्या वेळी, म्हणजे ज्वाळा विझल्यावर ढिगारा पाण्याने गार करताना, जवान त्याच ढिगाऱ्यात तासन्‌तास उभा असतो, बहुतेकदा मास्क काढून, कारण ज्वाळा दिसत नाहीत. माझ्या मते हाच सर्वांत दुर्लक्षित वेळ आहे. आग विझली म्हणजे हवा शुद्ध झाली असं नाही. कूलिंग संपेपर्यंत मास्क तोंडावर हवा.

बाकी काळजी साधी आहे आणि खर्च जवळजवळ नाही. काजळी श्वासातून जाते तशी कातडीतूनही जाते, मान, काखा आणि जांघेतून जास्त. स्टेशनवर परतल्यावर तासाभरात साबणाने अंघोळ. सूट गाडीच्या केबिनमध्ये नको, बाइकला अडकवून घरी तर नकोच नको. पोरं येऊन बिलगतात त्या कपड्यांना. काजळीने माखलेला सूट म्हणजे शौर्याची खूण असं नव्या पोरांना वाटतं. ती समजूत सीनियर जवानांनीच मोडायला हवी. डॉक्टरच्या सांगण्याने ती मोडत नाही.

लघवीत रक्त दिसलं, एकदाच आणि न दुखता दिसलं तरी, त्याच आठवड्यात दाखवा.

धुरातून बाहेर आलेल्या जवानाचं डोकं दुखतंय, पण ऑक्सिमीटर ९९ दाखवतोय. सोडू का?

नाही. हा प्रश्न १०८वरच्या नव्या डॉक्टरांकडून हमखास येतो.

बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला प्राणवायूने भरलेलं आणि कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो. तेव्हा ९९ हा आकडा त्या क्षणी काहीच सांगत नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, उलटसुलट बोलणं यांवर विश्वास ठेवा. पिशवीच्या मास्कने पूर्ण प्रवाहात ऑक्सिजन सुरू करा आणि रक्तवायू तपासणीत कार्बॉक्सिहिमोग्लोबिन मोजता येईल अशा रुग्णालयात न्या. साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण सव्वा तास. पोहोचेपर्यंत मास्क काढू नका, जवान कितीही म्हणाला ‘आता बरं वाटतंय’ तरी.

दुसरा विचार सायनाइडचा. सोफा, गाद्यांचा फोम, नायलॉनचे पडदे जळाले की सायनाइड तयार होतं. बंद जागेतून काढलेला माणूस, नाकातोंडात काजळी, शुद्ध हरपलेली आणि रक्तदाब घसरलेला, असं असेल तर रुग्णालयाला आधीच फोन करून सायनाइडचा संशय सांगा, म्हणजे उतारा शोधायला त्यांना वेळ मिळेल. रक्तातलं लॅक्टेट १०च्या वर असेल तर संशय जवळजवळ पक्का.

आगीच्या ठिकाणी जवानांना विश्रांती द्यायची म्हणजे काय करायचं?

दोन सिलिंडर वापरून झाले, किंवा बी.ए. सेटशिवाय सलग ४० मिनिटं कष्टाचं काम झालं, की किमान २० मिनिटं बाहेर. सावलीत, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला, म्हणजे धूर अंगावर येणार नाही. सूटची बटणं उघडी, शक्य तर सूट कमरेखाली. कोपरापर्यंत दोन्ही हात थंड पाण्याच्या बादलीत. हा उपाय अगदी घरगुती वाटतो, पण शरीराची उष्णता उतरवायला फार उपयोगी आहे, आणि बादली कुठेही मिळते. पाणी, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत किंवा ओआरएस. नाडी आणि रक्तदाब पाहायचा, आणि नाडी खाली आली नसेल तर पुन्हा आत सोडायचं नाही. हा निर्णय स्टेशन ऑफिसर आणि डॉक्टरने आधीच ठरवून ठेवलेला असावा, कारण त्या गडबडीत वाद घालायला वेळ नसतो.

जवान अडखळायला लागला, चिडचिड करायला लागला, अंग तापलेलं असेल, तर तो उष्माघात. आधी गार करा, मग हलवा. बंबात पाणी आहेच, ते त्याच्यावर सोडा.

१०८च्या पथकांचे प्रश्न वेगळे असतात का?

हो, आणि त्यांच्याकडे त्याहून कमी लक्ष जातं. महाराष्ट्रात ही सेवा २०१४मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली आणि तिचं वैशिष्ट्य म्हणजे गाडीवर डॉक्टर असतो. बरेचसे बीएएमएस झालेले आहेत. हा डॉक्टर दिवसभर इतरांना तपासतो, पण त्याला शेवटचं कोणी कधी तपासलं हे त्यालाही आठवत नाही.

त्यांचं पहिलं दुखणं कंबर. चाळीच्या लाकडी जिन्यावरून, लिफ्ट बंद पडलेल्या सातमजली इमारतीतून, वाडीवरच्या पायवाटेवरून पेशंट उचलून आणायचा, आणि सोबत फक्त पायलट. दोघांच्या उंचीत फरक असेल तर खालच्या पायरीवरच्या माणसाच्या मणक्यावर सगळा भार येतो. यावर मलम आणि पट्टा हा उपाय नाही. घडीची खुर्ची-स्ट्रेचर गाडीत हवी आणि तिसरा हात मागायला लाजू नये. आपल्याकडे शेजारी लगेच धावून येतात. त्यांना नीट सूचना द्या : कोण कुठे धरेल, आणि ‘तीन’ म्हटल्यावर उचलायचं.

दुसरं, हलत्या गाडीतलं काम. सलाइन लावताना खड्डा आला की सुई कुठे जाईल सांगता येत नाही. गाडीत बाळंतपण झालं तर रक्त-पाणी डोळ्यांत उडतं. चष्मा हवाच, आणि सुई टोचायची असेल तेव्हा पायलटला गाडी बाजूला घ्यायला सांगायचा अधिकार डॉक्टरने वापरावा.

तिसरं, झोप. घाटातल्या रस्त्यावर पहाटे तीन ते पाच या वेळेत पायलटचे डोळे मिटणं हा हलगर्जीपणा म्हणता येत नाही, शरीर त्या वेळी झोपच मागतं. दोन कॉलच्या मध्ये वीस मिनिटांची डुलकी मिळत असेल तर ती घेऊ द्या. ती आळस समजून टोकणारे वरिष्ठ मी पाहिलेत आणि त्यांच्याशी भांडलेही आहे.

सुई टोचली. आता?

साबण-पाण्याने धुवा. पिळू नका, बोट तोंडात घालू नका, स्पिरिट ओतू नका. ज्या रुग्णाची सुई त्याचं नाव आणि रुग्णालय लिहून घ्या. जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. एचआयव्हीविरुद्धचं प्रतिबंधक औषध दोन तासांत सुरू झालं तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा. एचआयव्हीची भीती सगळ्यांना असते, पण आकडे पाहा. एचआयव्हीबाधित रुग्णाच्या सुईतून लागण होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, आणि लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीची ३० टक्क्यांपर्यंत. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली असली की ही दुसरी भीती मात्र उडून जाते.

पुराच्या पाण्यात उतरल्यावर कोणती गोळी घ्यायची?

लेप्टोसाठी, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिससाठी, डॉक्सिसायक्लिन, मोठ्या माणसाला २०० मिलिग्रॅम एकदा, ७२ तासांच्या आत, जेवणानंतर भरपूर पाण्याने. घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिका सोलवटते. पायाला जखम असेल, किंवा रोजच पाण्यात उतरावं लागत असेल, तर एका डोसवर भागत नाही, डॉक्टरांना विचारा. गरोदर कर्मचाऱ्यांनी ही गोळी घ्यायची नाही. गोळी घेतली तरी पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्यांत दुखणं आलं तर ‘पुरात उतरलो होतो’ हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

मी खरं सांगितलं तर मला लाइट ड्युटीवर टाकतील. मग मी का सांगू?

हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येक जवानाचा मी मान राखते, कारण भीती खरी आहे. लाइट ड्युटी म्हणजे भत्ता जातो, बढती लांबते आणि गाडीवरचे मित्र चिडवतात. त्यामुळे छातीत दुखलं की ॲसिडिटी म्हणायचं, दम लागला की वजन वाढलंय म्हणायचं, ही सवय पडते.

माझं उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग डॉक्टरांसाठी. दलाला तुम्ही फक्त तीनांपैकी एक गोष्ट कळवायची : फिट, या मर्यादांसह फिट, किंवा सध्या अनफिट. आजाराचं नाव कळवायचं नाही. कार्यालयातून कोणी ‘पण झालंय काय?’ असं विचारलं तर नम्रपणे नकार द्यायचा. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७चा कायदाच गोपनीयतेचं बंधन घालतो, आणि केवळ त्या कारणावरून नोकरीत भेदभाव करायला मनाई करतो. एकदा जरी तुमच्या तोंडून बातमी फुटली तरी त्या स्टेशनवरचा एकही जवान पुन्हा खरं बोलणार नाही. आणि अनफिट लिहिताना परतीची वाट त्याच कागदावर लिहा : काय सुधारलं की परत, किती आठवड्यांनी पुन्हा तपासणी. ज्याला परत यायची तारीख दिसते तो उपचार घेतो.

दुसरा भाग जवानासाठी. तुम्ही आत कोसळलात तर तुम्हाला बाहेर काढायला दोन माणसं आत जातात. तुमच्या छातीतलं दुखणं त्यांच्याही जिवाशी जोडलेलं आहे. बहुतेक वेळा धमनीत एक स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळी, बसवून, एक गोळी सुरू करून किंवा दहा किलो वजन उतरवून तुम्ही गाडीवर परत येता. आजार लपवून राहिलेल्यांना ते जमत नाही.

लहान मुलाचा मृतदेह बाहेर काढल्यावर आमच्या पथकातला एक जण गप्प झालाय. समुपदेशनाचं सत्र घ्यावं का?

सक्तीचं, सगळ्यांना एकत्र बसवून, त्याच दिवशी सगळं बोलायला लावणारं एकच सत्र नको. त्याचा फायदा झालेला संशोधनात दिसलेला नाही, काहींना त्रासच झाला. सुरुवातीला हवं ते एवढंच : चहा, जेवण, घरी फोन, झोप आणि ओळखीचं कोणी जवळ. बोलायचं असेल तर ऐकणारा, नसेल तर शेजारी बसणारा. शक्य तर पुढच्या दोन-तीन वर्दींना त्याच्यासोबत जुना जोडीदार द्या.

महिनाभरानंतरही तेच दृश्य झोपेत येत असेल, त्या रस्त्याने जाणं तो टाळत असेल, दारू वाढली असेल, लहानसहान आवाजाला दचकत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचंच. आघातावर केंद्रित असलेले मानसोपचार आहेत आणि त्यांनी माणसं बरी होतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. स्वतःला संपवण्याबद्दल तो काही बोलला, सहज बोलल्यासारखं बोलला तरी, त्याला एकटं सोडू नका.

माझे मिस्टर फायरमन आहेत. मी घरी काय लक्ष ठेवू?

ताई, तुमच्या नजरेला जे दिसतं ते मला तपासणीत दिसत नाही. मोठ्याने घोरताना मध्येच श्वास थांबतो का? थांबत असेल तर झोपेची चाचणी हवी, कारण त्यातून रक्तदाब वाढतो. पूर्वी एका दमात चढायचे तो जिना आता थांबून चढतात का? टीव्हीचा आवाज वाढवत चाललेत का? सायरनने कान हळूहळू जातात. वार्षिक तपासणीच्या आधी हे एका चिठ्ठीवर लिहून त्यांच्या खिशात ठेवा. मी ती वाचते.

या क्षेत्रात यायला कोणतं शिक्षण लागतं?

एमबीबीएसनंतर औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा एएफआयएच अभ्यासक्रम आहे, मुंबईत सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत तो चालतो. आपत्कालीन वैद्यक, छातीविकार किंवा सामाजिक वैद्यक यांत एमडी असेल तर उत्तमच. पण पदवीनंतर एकदा तरी जवानाचा पूर्ण सूट आणि बी.ए. सेट चढवून ड्रिल टॉवरचे जिने चढा. रात्री स्टेशनवर राहा, घंटा झाल्यावर स्वतःची नाडी मोजा. त्याशिवाय ‘थोडा व्यायाम करा’ हे वाक्य कोणालाही सांगू नका.

नव्याने भरती झालोय. आधी काय करू?

हिपॅटायटिस बीची लस : आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटिबॉडीची तपासणी, आकडा १० किंवा जास्त हवा. धनुर्वात. पक्षी-प्राण्यांच्या सुटकेच्या वर्दी असतील तर रेबीजची आगाऊ लस. पहिली स्पायरोमेट्री, पहिला ईसीजी, पहिली श्रवणचाचणी, तिन्ही पहिल्या मोठ्या आगीच्या आधी. त्यांची एक प्रत स्टेशनच्या फायलीत आणि एक घरी. निवृत्त झाल्यावरही ती घरची प्रत टाकून देऊ नका, कारण या कामातले काही आजार वीस-तीस वर्षांनी डोकं वर काढतात आणि तेव्हाचा डॉक्टर तुम्हाला ओळखत नसेल. त्याला पहिल्याच भेटीत सांगा : मी फायर ब्रिगेडमध्ये होतो.